ढीग हुंगणारा माणूस

संपादकांचा फोन आला तेव्हा मी अंगणात पाइपनं झाडांना पाणी घालत होतो. "तुम्ही मोठमोठ्या आगी विझवल्यात म्हणे, अनुभव लिहून द्या," म्हणाले. मी म्हटलं, साहेब, तुम्हाला कुणीतरी अर्धवट सांगितलंय. पाण्याचा पाइप मी हातात धरतो तो एवढाच, जास्वंदीपुरता. आग विझवणारे बंबावर असतात. मी पोकलेनचा ऑपरेटर, ढीग उपसणारा. पण एखादा मोठा ढीग पेटला की पोकलेनवाल्याशिवाय बंबवाल्यांचं पान हलत नाही, हेही तितकंच खरं. हे म्हटल्यावर ते जास्तच मागे लागले.

तर लिहितोय. मात्र आधीच सांगून ठेवतो, मला आगीपेक्षा एका माणसाबद्दल लिहायचंय. बाबगोंडा आण्णा त्यांचं नाव. सांगलीकडच्या अग्निशमन दलात फायरमन होते. गेली काही वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलेलं नाही आणि आता करणारही नाही. तेवढी एक गोष्ट सोडली तर माझं रिटायर आयुष्य झकास चाललंय.

माझं गाव कोरेगाव तालुक्यातलं. आमच्याकडं पोरगं उंचीला आलं की फौजेत जातं, तसा मीही गेलो. तिथं डोझर शिकलो, रस्ते फोडले, पूल बांधायला माती ओढली. पेन्शन घेऊन परत आलो आणि घरात बसून बायकोच्या कामात चुका काढायला लागलो. तिनंच एक दिवस सांगितलं, "तुमी कायबी करा, पर दिवसा घरात थांबू नका." मग सांगलीत एका ठेकेदाराच्या पोकलेनवर चढलो. पाया खण, नाला काढ, विहिरीतला गाळ उपस, असली कामं. आग माझ्या नशिबात आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

पहिल्यांदा बोलावलं ते कचऱ्याच्या डेपोवर. उन्हाळा होता. ज्वाळा कुठंच दिसत नव्हत्या, नुसता धूर. पिवळट, जड, जमिनीलगत सरपटणारा. बंबवाले वरनं पाण्यावर पाणी मारत होते आणि पाणी उतारानं खाली येऊन माझ्या बुटात शिरत होतं. मी मनात म्हटलं, एवढ्या पाण्यात आख्खं गाव विझलं असतं, ह्यांना एक उकिरडा विझत नाही! मशीन गाडीवरनं उतरवलं आणि फौजी रुबाबात थेट ढिगावर चढवायला निघालो.

तेवढ्यात एक उंच, हडकुळा माणूस दोन्ही हात पसरून मशीनच्या पुढ्यात उभा राहिला. ड्रेस ओला, मिशा काळ्या का धुरानं काळ्या ते कळेना.

"ए, थांब. हितं मशीन आणू नको."

"का? वाट तर चांगली दिसतीय."

"खाली जळतंय."

"तुमास्नी कुठं दिसतंय जळताना?"

"दिसत न्हाई गा, वास येतोय. लांबनंच बकेट टाक, मग बोल."

मी चिडूनच मशीनचा हात लांब केला आणि त्या जागेवरचा थर उचलला. खाली खोली उघडावी तशी पोकळी निघाली. भिंती लाल, आतनं गरम हवेचा झोत आला तो केबिनच्या काचेवर. मी त्या थरावर गेलो असतो तर मशीनसकट आत. मी मशीन मागं घेतलं. आण्णांनी मिशीतल्या मिशीत हसून विचारलं, "कुठला तू?" मी म्हटलं, "सातारा. फौजेतला." त्या दिवसापासून मी त्यांचा 'फौजी' झालो, आणि खरं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही.

ढीग विझत का नाही, हे मला त्यांनीच शिकवलं, तेही शेंगा सोलत सोलत. घर पेटतं ते बाहेरनं पेटतं. तुम्हाला ज्वाळा दिसते, त्यावर पाणी मारता येतं. ढीग पेटतो पोटात. कचरा म्हणा, कारखान्यातला बगॅस म्हणजे ऊस गाळून उरलेला भुसा म्हणा, सूतगिरणीतल्या कापसाच्या गाठी म्हणा, एकदा हे दाबून रचलं की वर एक कडक साल तयार होते. पाणी त्या सालीवरनं वाहून जातं. जे थोडं आत मुरतं ते एक वाट धरतं आणि त्याच वाटेनं खाली उतरतं; शेजारी हातभरावर निखारा असला तरी त्याला ओल लागत नाही. शिवाय आतल्या आगीला हवा फार लागत नाही. घुसमटत, धुमसत, महिनोन् महिने जगते. आपल्याला वाटतं मेली.

"मग उघडायचा की सगळा," मी म्हणालो.

"उघडलास की तिला हवा मिळाली. धुमसणारी भडकती. म्हणून तर तुझ्यासारख्या अडाण्याला बोलवायला लागतंय."

उघडायचा, पण कडेनं. वारा आपल्या पाठीवर घ्यायचा. वडीचे काप काढावेत तसा एक एक काप काढायचा, मोकळ्या जागेवर पातळ पसरायचा, त्याला भिजवायचं, उलटा करायचा, परत भिजवायचं. वाफ यायची थांबली की पुढचा काप. घाई केली की मेलात. आणि पसरायला जागा हवी. कारखान्यांनी तर इंच इंच जागा भरलेली असते, ढिगाला चिकटून भिंत, भिंतीला चिकटून शेड. मोठी आग विझत नाही त्यात निम्मं कारण हेच असतं, तिला पसरून ठेवायला जागाच नसते.

आणि हे सगळं करताना मुख्य प्रश्न एकच: जळतंय नेमकं कुठं? वरनं सगळा ढीग सारखाच दिसतो. धूर निघतो एकीकडं, आग असते भलतीकडं. त्यासाठी लोकांच्या नाना युक्त्या. डेपोवर थंडीत कुत्री कुठं झोपलीत ते बघायचं, ती बरोबर उबेवर पसरतात. सकाळी दव कुठं पडलं नाही ते बघायचं. लांब सळई खुपसून ठेवायची, काढून तिला हाताची पालथी बाजू लावायची. आण्णा हे सगळं करत, पण नुसतं खात्रीसाठी. आधी ते ढिगाभोवती एक चक्कर मारत. हात पाठीमागं, मान किंचित वर, लग्नात जेवणाचा वास घेत फिरणाऱ्या पाहुण्यासारखे. मग बोट दाखवत. तिथंच आग असायची.

हे नाक त्यांना बापाकडनं आलेलं. ते हरिपूरच्या बाजूचे. तिथं पूर्वी हळद जमिनीतल्या पेवांत भरून ठेवायचे. खोल खड्डा, वरनं तोंड बंद. त्यांचे वडील पेवं उघडायच्या कामावर होते. पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा; तो विझला तर माणसानं आत उतरायचं नाही. कंदील आत असेपर्यंत वडील तोंडाशी वाकून वास घेत आणि हळदीला ओल लागलीय का नाही ते वरनंच सांगत. आण्णा म्हणायचे, "आग नि माणूस, दोघांचंबी एकच. हवा कुठनं मिळतीय ते बघायचं."

बगॅसच्या ढिगाचे वास त्यांनी मला पाठ करून घेतले. बगॅसमध्ये थोडी साखर राहिलेली असते, ओलही असते. दाबून ठेवला की तो आंबतो आणि आंबता आंबता आपोआप तापतो. पेटवायला कुणी लागत नाही. आधी आंबूस वास येतो, तोवर भ्यायचं कारण नाही. मग गोडसर, गुऱ्हाळावर काकवी उकळताना येतो तसा. तेव्हा सावध व्हायचं. आणि काकवी करपल्यासारखा आला की तिथं पाय ठेवायचा नाही. मला हे यायला फार दिवस लागले. आण्णा केबिनची काच उघडायला लावायचे नि विचारायचे, "सांग, कितवा?" मी चुकलो की म्हणायचे, "फौजेत नाक जमा करून आलास काय रं?"

काम चालू असताना आमचं बोलणं खुणांनीच. पोकलेनच्या आवाजात बापाचं ऐकू येत नाही. आण्णा पुढं चालायचे, ढिगावर फळ्या टाकून, हातात सळई. तळहात स्वतःकडं हलवला की 'ये'. डावीकडं कललेला हात म्हणजे 'डावीकडनं घे'. मूठ वर म्हणजे थांब. मूठ दिसली की मी विचार न करता लिव्हर सोडायचो. माझ्या मशीनचे रबरी पाइप तापले की आण्णा त्यांच्यावर पाणी मारायला लावायचे, माझ्या काचेवरची काजळी धुवून द्यायचे. पगार देणाऱ्या मालकानंही मला एवढं सांभाळलं नाही.

आणि एक रिवाज होता. आण्णा जैन, सूर्य बुडायच्या आत जेवण झालं पाहिजे. आग काही घड्याळ बघून विझत नाही. म्हणून दिवस कलायला लागला की मी स्वतःहून मशीन बंद करायचो. सगळा जथा थांबायचा. आण्णा हात धुवून मशीनच्या खालच्या लोखंडी चेनवर बसायचे, डबा उघडायचे, आणि त्यातली अर्धी भाकरी माझ्या हातात. साहेब लोक सुरुवातीला कुरकुरले. मग त्यांच्याही लक्षात आलं की तेवढ्या विश्रांतीत मशीन थंड होतं आणि माणसंही. पुढं पुढं तर साहेबच आकाशाकडं बघून विचारायचे, "आण्णा, जेवण झालं का?"

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. डेपो एकदा असाच धुमसत होता आणि कोणी मोठे पाहुणे त्या रस्त्यानं जाणार होते. एक अधिकारी गॉगल लावून आले आणि मला म्हणाले, "आग राहू द्या, धूर तेवढा बंद करा." मी आण्णांकडं बघितलं. आण्णा गंभीरपणे म्हणाले, "साहेब, धुराला सांगून बघतो." शेवटी वरनं मातीचा जाड थर टाकायला लावला. धूर खरंच थांबला. पाहुणे आले, गेले. माती टाकली की आगीला वाटतं पांघरूण मिळालं. काही आठवड्यांनी ढिगाची एक बाजू आपोआप खचली आणि आग भुकेली होऊन बाहेर आली. मग परत आम्हीच. आण्णा म्हणाले, "फौजी, ही आपली जुनी वळखीची हाय, नमस्कार कर."

एकदा बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज पेटलं. त्याच्या भिंती म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये थर्माकोलसारखं काहीतरी भरलेलं. आग त्या दोन पत्र्यांच्या मधनं पळते. पाणी मारावं तर पत्र्यावर, आग मात्र आत सुखरूप. एक एक पत्रा मी बकेटच्या दातानं सोलून काढला. बाहेर बेदाण्याचे मालक रांगेनं उभे, आणि हवेत खिरीचा वास. त्या वासानं मला भूक लागली आणि भूक लागली म्हणून लाज वाटली. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "नाकाला लाज नसती गा. ते आपलं काम करतंय."

असं बोलणाऱ्या माणसाचं नाक गेलं.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. एका आगीवर, दिवस कलताना, नेहमीसारखी अर्धी भाकरी आली, वर आमटी. मी घास तोंडाजवळ नेला आणि थांबलो. आमटी पार आंबून गेलेली. उन्हात डबा राहिला होता. आण्णा समोर बसून तीच आमटी भाकरीला लावून निवांत खात होते. मला वाटलं, टाकायला नको म्हणून खातायत. मी माझी गुपचूप कुत्र्याला घातली. मग बघतोय तर चक्कर मारायची त्यांनी सोडली. आल्या आल्या सळई घेऊन खुपसायला सुरुवात. 'सांग, कितवा?' हे मात्र हल्ली जास्तच विचारायचे. मी सांगितलेल्या उत्तरावर नुसते 'हूं' म्हणायचे. चूक का बरोबर ते सांगत नसत. मला वाटायचं, आता शिष्य तयार झाला म्हणून गुरुजी गप्प आहेत. काय तो माझा दिमाख!

मग तो साखर कारखान्याचा ढीग आला. नाव सांगत नाही, नदीकाठचा कुठलाही समजा. गाळप संपलेलं, आणि आवारात बगॅसचा डोंगर. एका अंगाला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या अंगाला शेड. कडेनं काप काढायला वाटच नव्हती. ढिगाच्या खांद्यावरनं चढून मध्ये खिंड पाडायची आणि मग माल बाहेर ओढायचा, एवढाच मार्ग. भर दुपार. आण्णा पुढं फळ्यांवरनं चालत होते, मी मागनं मशीन रांगवत होतो. काच उघडी, कारण ती उघडी ठेवायची सवयच लावलेली.

आण्णांनी तळहात हलवला, 'ये'. मी आलो. परत, 'ये'. आणि तेवढ्यात माझ्या नाकात तो शिरला. करपलेल्या काकवीचा वास. थोडाथोडका नव्हे, डोळ्यात पाणी आणणारा. आणि आण्णा मात्र सळई खांद्यावर टाकून थेट त्याच दिशेला पुढचं पाऊल उचलत होते. फळी संपली होती.

मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. आण्णा वैतागून वळले. मी केबिनमधनं अर्धा बाहेर येऊन मूठ वर केली. त्यांचीच खूण. इतक्या वर्षांत मी त्यांना ती कधी केली नव्हती. ते जागेवर थिजले.

मी उतरलो, फळीवरनं त्यांच्याजवळ गेलो, त्यांच्या खांद्यावरची सळई घेतली आणि ते पाऊल टाकणार होते तिथं खुपसली. लोण्यात जावी तशी गेली, पार मुठीपर्यंत. बाहेर काढली तर टोक लाल.

आण्णा टोकाकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "वास आलता व्हय तुला?"

"आला की."

"कितवा?"

"तिसरा. आवं आण्णा, डोळं चुरचुरायल्यात माझं."

"लय येतोय?"

आम्ही फळीफळीनं मागं आलो. आण्णा मशीनच्या चेनवर बसले, जेवायला बसायचे तिथंच. हेल्मेट काढलं. त्या माणसाला मी धुरात, चिखलात, पडलेल्या पत्र्याखाली बघितलं होतं, पण असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

"कवापासनं?" मी विचारलं.

"दिवाळीत अभ्यंगाला बसलो. बायकोनं उटणं लावलं. म्हटलं, यंदा साधं आणलंस व्हय? ती म्हणाली, न्हाई, न्हेमीचंच हाय. तवा कळलं." मग म्हणाले, "मिरजेला डाक्टरला दाखवलं. तो म्हणतोय धुरानं आसंल, करोनानं आसंल, वयानं आसंल. परत येईल का विचारलं तर खिडकीतनं भाईर बघाय लागला."

"मला तरी सांगायचं हुतं."

"तुला काय सांगू? फौजी, ह्या दलात माझ्यापरीस ताकदीची पोरं हैत, शिकलेली हैत. मला पुढं चालवतात ते नाकासाठी. नाक न्हाई म्हटल्यावर कोपऱ्यात टेलिफोनवर बसवतील. मी काय खुर्चीवर बसून आग ऐकू व्हय?" आणि मग माझ्याकडं बघून विचारलं, "कुणाला सांगणार तू?"

खरं सांगतो, मला त्यांचा रागही आला होता. दोन पावलांचा प्रश्न होता. ते गेले असते, त्यांच्या मागोमाग मी. पण राग काढायचा कुणावर? ज्यानं मला वास घ्यायला शिकवलं त्याच्यावर? मी म्हटलं, "आधी ढीग उपसू. अर्धा उघडून सोडला तर वाऱ्यानं आख्खा कारखाना जाईल. बाकीचं मागनं बघू." मग म्हटलं, "नाक माझं, सळई तुमची. मला वास आला की दोनदा हॉर्न देतो. तुमी थांबायचं. तपासून मग खूण करायची."

ते उठले. हेल्मेट घातलं.

त्या दुपारसारखं काम मी आयुष्यात केलं नाही. मी केबिनमध्ये, काच सताड उघडी, धूर गिळत, मान बाहेर काढून हुंगत. दोन हॉर्न, आण्णा थांबायचे, सळई खुपसायचे, हात लावायचे, मग तळहात किंवा मूठ. एकदा मी हॉर्न दिला आणि सळई नुसती कोमट निघाली. आण्णांनी लांबनंच हाताची दोन बोटं दाखवली: तिसरा नव्हे, दुसरा. त्या अवस्थेतही माझी परीक्षा! मी हसलो, तेही हसले. आम्ही खिंड पाडली, भिंतीकडची बाजू मोकळी केली, पोरांनी आत पाणी घातलं आणि पहिल्यांदा त्या ढिगातनं धुराऐवजी पांढरी, भोळी वाफ निघाली. खालचे लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना काय माहीत वर काय चाललं होतं.

दिवस कलला. मी मशीन बंद केलं. आण्णांनी हात धुतले, डबा उघडला, भाकरी मोडली. मग झाकणातली आमटी माझ्यापुढं धरली आणि म्हणाले, "आंबलीय का बघ."

मी वास घेतला. "ताजी हाय, आण्णा. जेवा."

ते जेवले. मला तेव्हाच कळलं की ह्यांनी ठरवलंय. दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून साहेबांपुढं उभे राहिले आणि सगळं सांगितलं. मला कुणाला काही सांगावं लागलं नाही. साहेब भला माणूस होता, त्यानं चांगल्या शब्दांत सांगितलं, पण द्यायचं तेच दिलं: टेलिफोन. रिटायर होईपर्यंत आण्णा तिथं बसले.

त्यानंतर मी आणखी बऱ्याच आगींवर गेलो. आता बंबवाल्यांकडं उष्णता दाखवणारा कॅमेरा असतो. उगाच नावं ठेवणार नाही, चांगली वस्तू आहे. वरवरची ऊब लगेच दाखवते. आणि पोरंही हुशार, जीव तोडून काम करणारी. पण ती माझ्या मशीनपुढं चालायची तेव्हा मला तो उंच, पाठमोरा माणूस दिसायचा नाही आणि माझा हात लिव्हरवर हलका पडायचा नाही. दिवस कलला की माझा हात आपोआप चावीकडं जायचा. पोरं विचारायची, "काका, मशीन का बंद केलं?" काय सांगणार? मी म्हणायचो, "गरम झालंय." दोन-तीन पावसाळ्यांनंतर मीही उतरलो. ठेकेदारानं कारण विचारलं, मी गुडघे सांगितले. गुडघे ठणठणीत आहेत. मला करमत नव्हतं, बस.

लोक म्हणतात, धुरातनं सुटलास, नशीबवान आहेस. असेन. पण अजून कुठं बातमीत ढीग पेटलेला दिसला की मी टीव्हीच्या जवळ जाऊन वाऱ्याची दिशा बघतो आणि बायको म्हणते, "आता पडद्यात शिरताय व्हय?"

आण्णा आता रानातल्या घरी असतात. ऊस थोडा, हळद बरीच. दरवर्षी शिमग्याच्या आधी फोन येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "फौजी, नाक घेऊन ये." बाकीची हळद ते यंत्रावर शिजवून आणतात, पण घरच्यापुरती काहिलीत शिजवतात. हळद शिजली का ते दोन गोष्टींवरनं कळतं: काडी टोचली की आरपार गेली पाहिजे, आणि वाफेला तिचा तो खास वास आला पाहिजे. कमी शिजली तर रंग येत नाही, जास्त शिजली तर वाया. काडी त्यांच्याकडं असते. वासासाठी मी कोरेगावाहून जातो.

घरात वहिनी आहेत, सुना आहेत, सगळ्यांना नाकं आहेत. मी एकदा बोललोसुद्धा. वहिनी म्हणाल्या, "भावजी, आमी सांगितलेलं ह्यांना पटत न्हाई."

यंदाही गेलो. काहिलीवर वाकलो, वाफ तोंडावर घेतली. आण्णा काडी घेऊन शेजारी, माझ्या तोंडाकडं बघत.

"आला," मी म्हटलं.

त्यांनी काडी टोचली. आरपार. जाळ ओढला, आणि आम्ही बाजूच्या खाटेवर बसलो. वाफेकडं बघत आण्णा म्हणाले, "हळदीचा वास मला आठवतो, फौजी. आईच्या पदराला यायचा. उटण्याचा आठवतो. पर त्या ढिगाचा, तिसरा, तो आठवंना झालाय. लय प्रयत्न करतो. जाग आली की पडून आठवत बसतो. न्हाईच येत."

ज्या वासानं ह्या माणसाचा जीव घेतला असता, तोच ह्याला हवाय! मी उठलो, आत जाऊन वहिनींकडनं वाटीभर काकवी आणली. चुलाण्यातले निखारे फावड्यावर ओढले आणि त्यावर ओतली. फसफस झाली, काळी झाली, करपली. अगदी तिसरा. आण्णा गुडघ्यावर बसून फावड्यावर वाकले, जवळ, आणखी जवळ. मी त्यांचा खांदा धरला. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं.

"नाकात न्हाई आला," म्हणाले. "डोळ्यात आला. हाच हुता. हाच."

वहिनी दारातनं ओरडल्या, "आवं, चांगली काकवी जाळताय व्हय दोघं मिळून!" मी पोरासारखं फावडं झटकन चुलाण्यात सारलं.

दिवस कलायच्या आत ते जेवले, मी त्यांच्याबरोबर जेवलो. भाकरी त्यांनी मोडली, अर्धी मला. मग मी निघालो. गाडी सुरू केली आणि बांधाच्या वळणावर, का कोण जाणे, दोनदा हॉर्न दिला. आरशात बघितलं. आण्णा दारात उभे होते आणि त्यांनी मूठ वर केलेली.

मी थांबलो. ते काडी हातात घेऊन चालत आले, गाडीच्या पुढं गेले. "फुडं खड्डा हाय," म्हणाले. "माझ्या मागनं ये." आणि जमिनीत काडी टोचत, तळहात मागं हलवत चालू लागले. ये. ये. मग हात डावीकडं कलला.

सकाळी मी त्याच वाटेनं आलो होतो. खड्डा कुठंच नव्हता. मी डावीकडनं घेतलं आणि डांबरी रस्ता येईपर्यंत त्यांच्या मागनं, पहिल्या गिअरमध्ये, चालवत राहिलो.